चित्र विकायचं असेल तर आधी वही उघडा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरचा कापडवाला वहीची पूजा करतो. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या चित्रकाराला विचारा, गेल्या वर्षी किती चित्रं विकली? "असतील वीसेक." कुणाला विकली, कितीला, कुठल्या चित्राचे पैसे अजून यायचेत? तिथे गप्प. पुण्यात हात चांगला असलेल्या कलाकारांची वाण नाही. पण एकाच मापाच्या चित्राचे दोन गिऱ्हाइकांना दोन भाव सांगितले जातात, गॅलरीत ठेवलेलं चित्र वर्षभर आठवतही नाही, ॲडव्हान्स न घेता केलेली ऑर्डर भिंतीला टेकून धूळ खाते. हे सगळं त्या "असतील वीसेक"मधून सुरू होतं. म्हणून इन्स्टाग्रामच्या आधी वही.

वहीत काय असतं

कागदाची लांब वही चालेल, एक्सेलही चालेल. प्रत्येक चित्राला नंबर द्या: २६-०१४ म्हणजे २०२६ मधलं चौदावं. हा नंबर चित्रामागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करने लिहू नका, शाई झिरपून पुढच्या बाजूला डाग उमटू शकतो.

रकाने असे: नंबर, नाव, माप, माध्यम, पूर्ण झाल्याची तारीख, लागलेले दिवस, साहित्याचा खर्च, फ्रेमचा खर्च वेगळा, किंमत, सध्या कुठे आहे, कुणी घेतलं, फोन, पैसे कधी आले. माप फ्रेम सोडून आणि आधी उंची, मग रुंदी. २४ × ३६ म्हणजे आडवं चित्र, ३६ × २४ म्हणजे उभं. हे उलटं लिहिलं की फ्रेमवाला चूक करतो आणि इंटिरियरवाल्याच्या भिंतीवर चित्र बसत नाही.

"सध्या कुठे" हा रकाना लोक सगळ्यात आधी सोडून देतात आणि नेमका तोच लागतो. चित्र स्टुडिओच्या बाहेर पडलं की त्याच दिवशी तिथे नोंद, शेजारी पावतीचा फोटो.

भाव कसा बसवायचा

शेजारच्या चित्रकाराने किती लावला, यावरून भाव ठरवू नका. त्याचं घर स्वतःचं असेल, तुमचं भाड्याचं.

समजा घर आणि स्टुडिओ मिळून महिन्याला ४५,००० रुपये लागतात. कामाचे २२ दिवस धरले तरी ब्रश हातात असतो तो जेमतेम १२ दिवस. बाकीचे फ्रेमवाल्याकडे, फोनवर, कॅनव्हास ताणण्यात आणि जेसो (रंगाआधी कॅनव्हासवर द्यायचा पांढरा थर) वाळण्याची वाट बघण्यात जातात. ४५,००० भागिले १२, म्हणजे चित्राचा एक दिवस ३,७५० रुपयांचा. २४ × ३६ इंचाचं ॲक्रिलिक चार दिवसांत होत असेल तर १५,०००. कॅनव्हास, रंग, वार्निश २,५००. झाले १७,५००. याच्या खाली विकलंत तर गिऱ्हाइकाला पदरचे पैसे घालून चित्र दिलंत.

आता कमिशन. गॅलऱ्या साधारण ३३ ते ५० टक्के घेतात. आपण ४० धरू. इथे गणित हमखास चुकतं. १७,५०० वर ४० टक्के चढवून २४,५०० किंमत लिहिली जाते. चित्र विकल्यावर गॅलरी २४,५०० चे ४० टक्के, म्हणजे ९,८०० कापते आणि हातात १४,७०० येतात. खर्चही सुटत नाही. कारण कमिशन विक्रीच्या किमतीवर असतं, तुमच्या खर्चावर नसतं. म्हणून भागाकार करायचा: १७,५०० ÷ ०.६० = २९,१६७.

हीच किंमत स्टुडिओत, हीच प्रदर्शनात, हीच व्हॉट्सॲपवर. स्टुडिओत विकताना कमिशन वाचतं खरं, पण तेव्हा फोटो, फोन, चहा, पॅकिंग हे गॅलरीचं काम तुम्हीच केलेलं असतं. ते ४० टक्के त्याची मजुरी. स्टुडिओत स्वस्त दिलंत तर गॅलरीला आज ना उद्या कळतंच. शहर मोठं झालं असलं तरी चित्रं घेणारी माणसं एकमेकांना ओळखतात.

एका मापाची किंमत आली, बाकीच्या मापांचं काय? बरेच जण चौरस इंचाचा दर लावतात. वरच्या चित्राचे ८६४ चौरस इंच, दर ३४ रुपये. या दराने १२ × १२ चं छोटं चित्र ४,८९६ ला जातं आणि ४८ × ६० चं मोठं ९७,९२० वर पोचतं. छोटं फुकट गेल्यासारखं, मोठं कायमचं स्टुडिओत. छोट्या चित्राला विचार तेवढाच लागतो आणि मोठ्याला वीसपट वेळ लागत नाही. त्यापेक्षा उंची अधिक रुंदी धरा. २४ + ३६ = ६० इंच, दर ४९० रुपये, किंमत २९,४००. याच दराने १२ × १२ चे होतात ११,७६० आणि ४८ × ६० चे ५२,९२०. दोन्ही विकता येण्यासारखे आकडे. कागदावरच्या जलरंगाला वेगळा दर ठेवा, पण एका माध्यमाला एकच.

दर वर्षातून एकदाच बदला. खाली आणू नका, कारण गेल्या वर्षी पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाच्या भिंतीवर तुमचंच चित्र आहे.

"शेवटचा भाव सांगा"

घासाघीस होणारच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण उत्तर आधी ठरवून ठेवा.

"काय हो मॅडम, शेवटचा भाव सांगा ना."

"यादीत आहे तोच, काका. दोन घेतलीत तर दहा टक्के कमी करते. एकच हवं असेल तर तीन हप्त्यांत द्या, चित्र शेवटच्या हप्त्याला न्या."

एवढं बोलून थांबायचं. पुढे जे बोललं जातं ("म्हणजे रंगच इतके महाग झालेत...") त्यातून भाव उतरतो. सवलत द्यायचीच तर तिला कारण हवं: दोन चित्रं, जुनं गिऱ्हाईक किंवा फ्रेमशिवाय. कारण नसलेली सवलत म्हणजे पहिली किंमत खोटी होती, असा कबुलीजबाब.

फोटो

चित्राचा फोटो फ्रेमला काच लागायच्या आधी काढा. नंतर काचेत तुमचा पंखा दिसतो. ढगाळ दुपारी खिडकीजवळ, किंवा दोन सारखे पांढरे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. एक दिवा पिवळा, एक पांढरा असेल तर अर्धं चित्र आजारी दिसतं. फोन चित्राच्या बरोबर मध्यावर आणि भिंतीला समांतर धरा, दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढा. जवळून काढला की कडा फुगतात. चार फोटो पुरेत: पूर्ण चित्र, पोत दिसेल असा तुकडा, बाजूची कड आणि सोफ्याच्या वर टांगलेलं. शेवटच्यातून माप कळतं. २४ × ३६ लिहून ते कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. फाइलचं नाव वहीतल्या नंबराचंच ठेवा.

प्रिंट विकणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४,००० × ३,००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर तो १३.३ × १० इंचांपर्यंतच नीट छापला जातो. एफोर चालेल, त्याच्या दुप्पट छापलं तर पुसट येणार. मोठ्या प्रिंटसाठी स्कॅनिंगवाल्याकडे जा. प्रिंट २५ काढणार असं जाहीर केलं असेल तर पेन्सिलीने ७/२५ असा आकडा घाला आणि सव्विसावी काढू नका. आणि फोटो कुणालाही पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि छापखान्यातून तक्रार तुमच्याकडे येते.

दुसरी वही: माणसांची

प्रदर्शनाच्या दाराशी अभिप्रायाची वही असते. तिच्यात "खूप सुंदर! असेच पुढे जात रहा!" अशी पानंच्या पानं भरतात आणि एकही फोन नंबर नसतो. तिथे तीन रकाने आखा: नाव, मोबाईल, "पुढच्या प्रदर्शनाचं निमंत्रण हवं आहे का". दिवसाअखेरीस हे नंबर फोनमध्ये चढवा आणि कुणी कुठल्या चित्रासमोर रेंगाळलं ते नावापुढे लिहा. तीन महिन्यांनी त्याच मालिकेतलं चित्र झालं की पहिला मेसेज त्या माणसाला.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. "मी पाठवला होता, कुणी बघितलाच नाही" याचं कारण बहुधा हेच. म्हणून समोर असतानाच सांगा, "नंबर सेव्ह करून ठेवा, नाहीतर निमंत्रण येणार नाही." मेसेजमध्ये एक चित्र, नाव, माप, माध्यम, किंमत. "किंमत इनबॉक्समध्ये" लिहिलंत की निम्मी माणसं संकोचाने विचारतच नाहीत. तीन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज सकाळी सुप्रभातसोबत स्केच पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात आणि त्यांचं बरोबर आहे.

बाणेर, खराडी, हिंजवडीकडे नवी घरं सजवणाऱ्या इंटिरियर डिझायनरांना वेगळी यादी द्या, त्यात मापं ठळक. ते टक्केवारी मागतील; ती तुम्ही किमतीत आधीच धरलेल्या ४० टक्क्यांतून द्या, वर चढवू नका.

प्रदर्शन

जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन ही महापालिकेची. शिवाय खासगी दालनं आहेत. चांगल्या तारखा काही महिने आधीच जातात. तारीख घेताना पंचांग बघा. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांत गाडी शिरत नाही. त्यामागोमाग पितृपंधरवडा; लोक येतील, चहा घेतील, पण बरेच जण त्या पंधरवड्यात नवीन वस्तू घरी नेत नाहीत. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्वच्या तारखा वगळा, कारण ऐकणारा आणि बघणारा वर्ग बराचसा एकच. दिवाळीआधीचे दोन-तीन आठवडे चांगले. नवं घर, वास्तुशांत, भेटवस्तू सगळं तेव्हाच निघतं.

खर्चाचा अंदाज आधी कागदावर मांडा. २० चित्रं, फ्रेमचे सरासरी १,८०० धरले तर ३६,०००. दालनाचं भाडं, टेम्पो, निमंत्रणं, चहापाणी मिळून २४,००० धरा. एकूण ६०,०००. मघाच्या २९,४०० च्या चित्रातून साहित्य आणि मजुरी वजा जाता ११,९०० उरतात. म्हणजे पाच चित्रं विकली तेव्हा कुठे प्रदर्शनाचा खर्च जवळपास निघाला, आणि मजुरी पंधरा न विकलेल्या चित्रांवर अडकलेलीच. हे आधी माहीत असलं की कमी करायचं काय ते दिसतं. सगळ्यात सोपी बचत म्हणजे मापं तीनच ठेवणं. न विकलेल्या चित्रांच्या फ्रेम पुढच्या वेळी दुसऱ्या चित्रांना बसतात.

चित्र टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर, आणि सगळ्यांचा मध्य एका रेषेत. खालच्या कडा जुळवायला गेलात तर लहान-मोठी चित्रं एकत्र विस्कळीत दिसतात. चित्राशेजारी भिंतीवर लावायच्या पट्टीवर नंबर, नाव, माध्यम, माप, किंमत.

आता लाल टिकली, म्हणजे चित्र विकलं गेल्याची खूण. "हे माझ्यासाठी ठेवा हं, उद्या येतो" म्हणणारा भेटला की आनंदाच्या भरात टिकली लागते. उद्या तो येत नाही आणि चार दिवस बाकीचे लोक ते चित्र विकलं गेलं समजून पुढे जातात. टिकली ५० टक्के ॲडव्हान्स खात्यात दिसल्यावरच. तोवर पेन्सिलीने अर्धं वर्तुळ आणि मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत. दुपारी एक ते चार दालन बंद ठेवायचा मोह पुण्यात होणारच. ठेवू नका, ऑफिसमधले लोक जेवणाच्या सुट्टीतच डोकावतात.

ऑर्डरचं काम

इथे एक कायदेशीर खाच आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा. कॅनव्हास विकला तरी तो तुमच्याकडेच राहतो. घेणारा भिंतीवर लावू शकतो, त्याचं कॅलेंडर छापू शकत नाही. पण कुणी पैसे देऊन, सांगून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो. आजोबांचं पोर्ट्रेट असेल तर काही बिघडत नाही. बिल्डरच्या लॉबीसाठी काढलेलं पुण्याच्या वाड्यांचं चित्र असेल, तर ते पुढे ब्रोशरवर, डायरीवर, कंपनीच्या भेटकार्डावर येतं आणि तुम्हाला बोलायला जागा नसते.

उपाय एका ओळीचा आहे, फक्त काम सुरू व्हायच्या आधी दोघांच्या सहीने हवा: "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, ऑर्डर देणाऱ्याला मूळ चित्र अमुक ठिकाणी लावण्याचा हक्क आहे, छपाईसाठी वेगळी परवानगी आणि वेगळं मानधन." छपाईचे हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहा. कॉपीराइट लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

पैसे असे घ्या: ५० टक्के सुरुवातीला, २५ टक्के कच्चं रेखाटन मान्य झाल्यावर, उरलेले २५ चित्र हलायच्या आधी. रेखाटनात दोन वेळा बदल किमतीत, तिसऱ्यापासून मघाच्या ३,७५० च्या दिवसाने. "जरा आकाश निळं करून द्या ना" हे रंग वाळल्यावर सांगितलं जातं, म्हणून रंगांचा छोटा नमुनाही रेखाटनासोबतच मान्य करून घ्या. तो मान्य केल्याचा व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका.

गॅलरीत चित्र ठेवतानाही कागद हवाच. चित्रांचे नंबर आणि किमती, टक्केवारी, सवलत दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, तुटफुट झाल्यास जबाबदारी कुणाची, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, न विकलेली चित्रं परत कधी आणि कुणाच्या टेम्पोने. तोंडी चालतं म्हणणाऱ्याकडे छोटंच चित्र ठेवा.

बिल, कर आणि अडकलेले पैसे

बँकेत वेगळं खातं उघडा, क्यूआर कोड त्याचाच. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे. फक्त वस्तू, म्हणजे चित्रंच विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. क्लास, भित्तिचित्रं, इलस्ट्रेशन अशा सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाख. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावू नका. नोंदणी असेल तर हाताने काढलेल्या मूळ चित्रावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आधी १२ होता. जुन्या बिलाची नक्कल मारताना तो १२ तसाच राहतो. इलस्ट्रेशनच्या सेवेवर १८. परराज्यात माल विकण्याचे नियम वेगळे आहेत, पहिल्या विक्रीआधी सीएला विचारा. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो का ते तपासा. कंपनीने तो कापून भरलाच नसेल तर त्रास तुम्हाला होतो.

सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी करा. ती फुकट आहे, दोन हजार मागणाऱ्या एजंटाला लांब ठेवा. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे कंपनीने करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापा. "अकाउंट्सकडे आहे" हे उत्तर दुसऱ्यांदा आलं की पुढचा निरोप फोनवर नको, ईमेलवर, आणि त्यात बिलाची तारीख व दिवसांचा आकडा घाला.

पाठवणी

बबल रॅप थेट रंगावर कधीही नाही. उन्हात तापलेल्या टेम्पोत ॲक्रिलिक मऊ पडतं आणि चित्रावर फुग्यांचे गोल उमटतात. ते निघत नाहीत. आधी बटर पेपर किंवा ग्लासीन (गुळगुळीत पातळ कागद), त्यावर कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक, दोन्ही बाजूंना चित्राच्या मापाचा जाड पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. खोक्यात चहूबाजूंनी ५ सेंमी जागा सोडून ती भरा. काच असेल तर तिच्यावर टेपची फुली. लांब पाठवायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट. गुंडाळून पाठवायचं तर कमीत कमी ६ इंच व्यासाची पीव्हीसी नळी आणि रंगाची बाजू बाहेर. आत ठेवून गुंडाळलं की रंगाच्या थराला सुरकुत्या येतात. जाड थराचं तैलरंगातलं चित्र गुंडाळूच नका. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर कागदावर बुरशीचे ठिपके येतात.

ट्रान्सपोर्टच्या पावतीवर "ओनर्स रिस्क" (नुकसान झालं तर मालकाचं) लिहिलेलं असेल तर मोडतोडीची भरपाई मागायला गेल्यावर तोच शब्द पुढे केला जातो. महाग चित्राचा विमा वेगळा काढा आणि पॅक करतानाचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात मागचा नंबर दिसला पाहिजे. घेणाऱ्याला खोकं ४८ तासांत उघडून फोटो पाठवायला सांगा. फोटो आला की वहीत "सध्या कुठे"च्या रकान्यात त्याचं नाव, गाव आणि भिंत लिहा: "कोथरूड, जेवणाच्या टेबलामागे." १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला मूळ चित्र पुढे पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यातला वाटा मागता येतो, पण त्यासाठी ते कुणाकडून कुणाकडे गेलं हे माहीत असावं लागतं.